टीआय, फौजदार आणि कोतवाल

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका ताईंनी विचारलं आहे : ‘मंडळाच्या गणेशोत्सवाचा मराठी अहवाल लिहायला घेतला आहे. बंदोबस्ताबद्दल थान्यातल्या, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या, लोकांचे नावानिशी आभार मानायचे आहेत. टीआय, एसआय, प्रधान आरक्षक यांना मराठीत काय लिहावं? पुण्याच्या जाऊबाई म्हणतात, टीआयला सरळ फौजदार लिही. आणि हे फौजदार, ठाणेदार, हवालदार, कोतवाल एकच की वेगळे?’

ताई, जाऊबाईंचं एवढ्यापुरतं ऐकू नका. फौजदार म्हणजे उपनिरीक्षक, तुमचा एसआय, खांद्यावर दोन तारे. तुमचे टीआय बहुधा निरीक्षक असतील, म्हणजे तीन तारे. आभार मानता मानता साहेबांना खालच्या पायरीवर बसवायचं, हे काही बरं दिसणार नाही.

सगळा घोळ होतो तो हुद्दा आणि नेमणूक यांची सरमिसळ केल्यामुळे. शिपाई, हवालदार, उपनिरीक्षक, निरीक्षक हे हुद्दे; बदली झाली तरी माणसाबरोबर जातात. टीआय, थाना प्रभारी, ठाणेदार ही नेमणुकीची नावं. खुर्ची सुटली की नावही सुटलं. टीआय म्हणजे टाउन इन्स्पेक्टर, हिंदी कागदात नगर निरीक्षक. पोलीस लायनीत किंवा गुन्हे शाखेत बसलेला निरीक्षक हुद्द्यानं तोच, पण तो टीआय नव्हे. उलट एखाद्या लहान थान्यावर उपनिरीक्षकच प्रभारी असतो आणि गाव त्यालाही बिनधास्त ‘टीआय साहेब’ म्हणतं. कायद्याची नजरही खुर्चीवरच आहे. ठाण्याचा प्रभारी अधिकारी गैरहजर असेल तर ठाण्यात हजर असलेला, त्याच्या खालोखालचा आणि शिपायाहून वरच्या हुद्द्याचा जो असेल तो प्रभारी धरला जातो. म्हणजे रात्री दोन वाजता तक्रार घेऊन गेलात आणि समोर हवालदारच असला, तर ‘साहेब आल्यावर या’ हे कायद्याला धरून नाही.

फौजदार हा मुळात फौज बाळगणारा. मोगलाईत आपल्या मुलखात बंडावा मोडायचा, वसुलीला जोर पुरवायचा, अशी त्याची मोठी कामं. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात तो शब्द घसरत घसरत ठाण्यातल्या उपनिरीक्षकावर येऊन टेकला. गुजरातीतही फोजदार म्हणजे तोच, त्यामुळे बडोद्याच्या मराठी माणसाला हा प्रश्न पडणार नाही. महाराष्ट्राच्या दप्तरात शब्द अजून जिवंत आहे : सहायक उपनिरीक्षकाला तिथं सहायक फौजदार म्हणतात, लिहिताना ‘सफौ’. दिवाणीच्या समोरची ‘फौजदारी’ तर कुठं जाणार?

हवालदाराची घसरण याहून मोठी. ज्याच्या हवाली काही केलं आहे तो हवालदार. शिवकाळात गडाच्या किल्ल्या त्याच्याकडे. सबनीस आणि सरनोबत त्याच्या जोडीला. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आज तो शिपायाच्या वर आणि सहायक उपनिरीक्षकाच्या खाली. आपल्या इंदुरात त्याला प्रधान आरक्षक म्हणतात आणि शिपायाला आरक्षक. अहवालात ‘आरक्षक’ तसाच ठेवलात तर नाशिक-पुण्याकडच्या वाचकाला वाटेल, हा आरक्षणवाल्यांपैकी कुणी. तिथं ‘पोलीस शिपाई’ लिहा, नुसतं ‘शिपाई’ नको. मराठीत कचेरीत चहा आणणाराही शिपाईच. (‘हवालदिल’ शब्दाचा हवालदाराशी संबंध नाही. त्यातलं ‘हवाल’ हे ‘हौल’, म्हणजे धास्ती. ठाण्याची पायरी चढताना दोन्ही एकदम आठवतात, एवढंच.)

महाराष्ट्रातल्या बातम्यांत ‘पोशि’ (पोलीस शिपाई), ‘पोहवा’ (हवालदार), ‘पोउपनि’ (उपनिरीक्षक), ‘सपोनि’, ‘पोनि’ (निरीक्षक) अशी अक्षरं दिसतात; इथल्या हिंदी कागदांत ‘आर.’ (आरक्षक), ‘प्र.आर.’ (प्रधान आरक्षक), ‘सउनि’ (म्हणजे वरचा ‘सफौ’), ‘उनि’ (उपनिरीक्षक). जोड्या सहज लागतात, फक्त ‘सपोनि’ला जोडीदार नाही. सहायक पोलीस निरीक्षक हा हुद्दा मध्य प्रदेशात नाहीच; इथला उपनिरीक्षक बढती मिळाली की थेट निरीक्षक होतो.

आणि चौकात हेल्मेट तपासणारे ‘सूबेदार’! त्यांचेही आभार मानायचे असतील, कारण मिरवणुकीच्या दिवशी खरी कसरत वाहतूकवाल्यांचीच. मध्य प्रदेश पोलिसांत सूबेदार हा उपनिरीक्षकाच्या बरोबरीचा हुद्दा आहे, वाहतूक आणि राखीव पोलीस लायनीकडचा. भरतीची परीक्षाही ‘सूबेदार एवं उप निरीक्षक’ अशी जोडीनं निघते. इंदूरच्या मराठी माणसाच्या कानात मात्र सुभेदार म्हटलं की मल्हारराव होळकर. माळव्याचा सुभा सांभाळणाऱ्याचा किताब आज राजवाड्याजवळ गाड्या लावू न देणाऱ्याच्या छातीवर आहे. मराठीत ‘वाहतूक शाखेचे सुभेदार’ लिहा, फौजदार नको. त्यांचं पदनामच ते आहे.

कोतवालाकडे जरा सावकाश येऊ. मूळ कोट्टपाल, कोटाचा राखणदार. पेशवाईत पुण्याचा कोतवाल म्हणजे शहराचा कर्ताकरविता : रात्रीची गस्त, बाजारातली वजनमापं, परगावच्या माणसांची नोंद, सगळं त्याच्या चावडीवर. 1777 साली घाशीरामाला ही कोतवाली मिळाली. 1791 मध्ये कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. पुढं इंग्रजांची पोलीस व्यवस्था आली आणि शब्दाला दोन वाटा फुटल्या. हिंदी मुलखात तो इमारतीला चिकटला. ग्वाल्हेर, भोपाळला आजही कोतवाली नावाचं ठाणं आहे, कोतवाल मात्र आत कुणी नाही. महाराष्ट्रात तो खेड्यात गेला आणि तलाठ्याच्या हाताखाली दवंडी, नोटिसा, वसुलीची मदत करू लागला. तो महसूल खात्याचा माणूस, पोलिसांचा नव्हे. तिथं गावच्या शांततेचं काम पोलीस पाटलाकडे, 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे. मध्य प्रदेशात गावाला कोटवार असतो, 1959 च्या भू-राजस्व संहितेखाली नेमलेला. म्हणून ‘उलटा चोर कोतवाल को डाँटे’ ही म्हण महाराष्ट्रातल्या खेडुताला नीट लागत नाही. त्याचा कोतवाल कुणाला पकडतच नाही. त्याच्यासाठी ‘चोराच्या उलट्या बोंबा’ पुरे.

ठाणेदार म्हणाल तर शब्द अस्सल आहे. विदर्भातली वर्तमानपत्रं ठाण्याच्या प्रमुखाला आजही ठाणेदार लिहितात. पुण्या-मुंबईकडे मात्र ‘वरिष्ठ पोलीस निरीक्षक’. जाता जाता : महाराष्ट्रात ‘ठाणे अंमलदार’ म्हणजे प्रमुख नव्हे, पाळीपुरता टेबलावर बसून तक्रारी नोंदवणारा. सहायक उपनिरीक्षकापर्यंतचे सगळे ‘अंमलदार’, त्यावरचे ‘अधिकारी’. आभाराच्या वाक्यात ‘अधिकारी व अंमलदार’ लिहिलंत की शिपायापासून सगळे आले, कुणी रुसणार नाही.

वरच्या साहेबांचंही बघून घ्या. 9 डिसेंबर 2021 पासून इंदूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे शहरातले जुने सीएसपी, म्हणजे नगर पोलीस अधीक्षक, आता सहायक पोलीस आयुक्त झाले आहेत. जुन्या अहवालातलं पदनाम उतरवून काढू नका. फरक नुसत्या पाटीचा नाही. जमावबंदीचा हुकूम पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडून यायचा, शहरापुरता तो आता पोलीस आयुक्त काढू शकतात. जिल्ह्यात देपालपूर, महूकडे अजून अधीक्षकच, आणि उपविभागाला एसडीओपी, म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकारी. हेच महाराष्ट्रात एसडीपीओ. अक्षरं तीच, क्रम वेगळा, काम एकच.

तर अहवालात असं लिहा : ‘ठाण्याचे प्रभारी पोलीस निरीक्षक (टीआय) श्री. अमुक, उपनिरीक्षक श्री. तमुक, हवालदार, पोलीस शिपाई, तसेच वाहतूक शाखेचे सुभेदार…’ कंसातला टीआय राहू द्या. आपण बोलतो तोच शब्द आहे, आणि ज्यांचे आभार मानायचे त्यांना तो ओळखीचा आहे.

विसर्जनाला बाहेरगावची मंडळी रेल्वेनं आली होती, स्टेशनवरच्या पोलिसांनाही त्यात घ्यायचं का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. घ्या, पण दोघांना वेगळं घ्या. जीआरपी हे राज्याचे पोलीस, मराठीत लोहमार्ग पोलीस. डब्यात पाकीट मारलं तर गुन्हा ते नोंदवतात. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, केंद्राचं, 1957 च्या कायद्यानं उभं राहिलेलं. रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा त्यांच्याकडे. फलाटावर गर्दी आवरायला कोण उभे होते, ते मंडळाच्या स्वयंसेवकांना विचारून मगच नाव घाला.