स्मार्ट कॅमेरा बसवण्यापूर्वी
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कारखान्यात तुम्ही तयार मालातले दोष तपासणारा पहिलाच स्मार्ट कॅमेरा बसवत आहात, म्हणून आधी हे लक्षात घ्या की सेन्सर, प्रोसेसर आणि तपासणीचे सॉफ्टवेअर एकाच डबीत असल्यामुळे तो वेगळ्या संगणकावर अवलंबून न राहता स्वतः निर्णय घेतो आणि पीएलसीला, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाला, केवळ 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा संकेत देतो.

खरी परीक्षा प्रकाशाची असते. चकचकीत पृष्ठभागावर समोरून उजेड पडला की तिरीप येऊन भागावर ठोकलेला क्रमांक दिसेनासा होतो. तिथे डोम लाइट, म्हणजे सर्व बाजूंनी मऊ, पसरलेला उजेड देणारा घुमटाकार दिवा वापरावा, आणि भोकाचा व्यास मोजायचा असेल तर मागून प्रकाश द्यावा. खिडकीतले ऊनही अडवा. सकाळी बिनचूक चालणारी माझी पहिली जुळणी दुपारी चांगला माल नाकारू लागली होती.

कॅमेऱ्याला दिसणाऱ्या १०० मिलिमीटर रुंदीवर १२८० पिक्सेल (चित्राचे ठिपके) असतील, तर एक पिक्सेल सुमारे ०.०८ मिलिमीटरचा होतो, आणि दोष किमान तीन-चार पिक्सेलांवर पसरला तरच निकालावर भरवसा ठेवावा. भाग वाहून नेणारा पट्टा सेकंदाला ५०० मिलिमीटर धावत असेल, तर १ मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे सेन्सर प्रकाश घेतो तेवढ्या वेळात, भाग अर्धा मिलिमीटर सरकून चित्र धूसर होते. म्हणून एक्स्पोजर १०० मायक्रोसेकंदांवर आणावे आणि उजेडाची तूट स्ट्रोबने, म्हणजे क्षणभर प्रखर लखलखणाऱ्या दिव्याने, भरून काढावी.