आयर्लंडमधलं 'पॅरिश' म्हणजे आपलं गावच का? जूनमध्ये कॅरनचं तळं बघायला एक दिवस पुरेल?

तळं बघायचं असेल तर जूनमध्ये जाऊच नका. मी ही चूक केलीय आणि आमचे दाजी ती विसरू देत नाहीत.

मी आयर्लंडमध्ये गॉलवे शहरात असतो. जानेवारीत शेजारच्या क्लेअर काउंटीतल्या कॅरनला गेलो तेव्हा रस्त्याखाली लांबवर पाणीच पाणी, दगडी बांधांची नुसती टोकं वर. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. जूनमध्ये ताई-दाजी साताऱ्याहून आले, त्यांना कौतुकाने तिथेच नेलं. तळ्याच्या जागी हिरवंगार कुरण आणि मधोमध गाई रवंथ करत बसलेल्या. दाजी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "तळं चोरीला गेलं वाटतं." बांधाच्या दगडांवरचं काळं शेवाळ दाखवलं, की बघा, हिवाळ्यात पाणी इथवर चढतं. त्यांनी नखाने खरवडलं. "डांबर फासलंय कुणीतरी." साताऱ्यात ज्याला त्याला हेच ऐकवलं.

तर दाजी, याला टरलॉ म्हणतात. खाली सगळा चुनखडीचा कातळ, भेगांनी पोखरलेला. हिवाळ्यात भूजल चढलं की तळ भरतो, ओसरलं की पाणी भोकांतून जमिनीखाली गडप. आणि तुम्ही ज्याला 'नुसते दगड' म्हणालात, त्या डोंगरांवर इथले शेतकरी ऐन हिवाळ्यात गुरं चढवतात. कातळ पायाखाली कोरडा राहतो, उन्हाळ्यात धरलेली ऊब हळूहळू सोडतो. गुरांनी राठ गवत खाल्लं, म्हणूनच वसंतात जेन्शियनच्या निळ्या फुलांना जागा मिळते.

हां, पॅरिश. गाव नव्हे, ठरलेल्या हद्दीचा विभाग. जुन्या जमीन-नोंदींतलं वेगळं, चर्चचं वेगळं, हद्दी जुळतीलच असं नाही. लोक 'आमचं पॅरिश' म्हणतात ते चर्चचं. हर्लिंगचा (इथला काठी-चेंडूचा खेळ) क्लबही बहुधा त्यावरच. पत्त्यात त्याहून लहान टाउनलँड, म्हणजे जमिनीचा छोटा विभाग, येतं. पिनकोडसारखा एअरकोड २०१५ मध्ये आला, तोवर पोस्टमनच्या डोक्यातच सगळा नकाशा.

पुलनाब्रोनचं दगडी थडगं याच कॅरनमध्ये आहे. पाच हजारांहून अधिक वर्षं जुनं. १९८६ च्या उत्खननात तीसहून जास्त माणसांचे अवशेष निघाले. दाजी तिथे गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत.

एक दिवस पुरतो, पण स्वतःची गाडी हवी. ओल्या कातळावर पाय सटकतो, भेगा खोल आहेत. आणि खरं सांगायचं तर सलग पाऊस लागला की जूनमध्येही तळं भरू शकतं. तसं झालं तर मला फोटो पाठवा, तारखेसकट.