पंधरा वर्षं शाळेत शिकवलंय, स्वतः कधी मोठ्या शर्यती धावलो नाही, तरी लांब पल्ल्याच्या धावण्याचा कोच होता येईल का?

हो, होता येईल, आणि शिकवण्याचा अनुभव ही तुमची जमेची बाजूच आहे. कोल्म ओ'कॉनेल बघा, आयर्लंडहून १९७६ साली केनियातल्या इटेनला सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला आले, ॲथलेटिक्सचं कुठलंच प्रशिक्षण नव्हतं, मुलांना धावताना बघत बघत आणि त्यांनाच विचारत शिकले, आणि त्यांच्या हाताखालून बोस्टन मॅरेथॉन जिंकणारा इब्राहिम हुसेन, सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण घेणारा पीटर रोनो आणि लंडन २०१२ ऑलिंपिकला ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावणारा डेव्हिड रुडिशा असे लोक घडले. यात शिक्षकाचंच काम जास्त आहे हो, कोणाला कुठे अडतंय हे बघणं, सोप्याकडून अवघडाकडे नेणं, वर्गातल्या हुशार पोराच्या वेगाने सगळ्यांना न पळवणं. दमाचा पाया हळू आणि नियमित धावण्यातूनच तयार होतो, बोलता बोलता धावता येईल इतका हळू, आणि तिथे पोरांना धीर धरायला लावणारा माणूस लागतो. फक्त एक लक्षात ठेवा, इटेन साधारण २४०० मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत दम वाढतो, आणि तिथे धावणारी पोरं भरपूर, त्यामुळे तसेच निकाल इथे लगेच येतील असं धरू नका, आणि नुसत्या निरीक्षणावर दुसऱ्याचे गुडघे पणाला लावू नका, पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आधी करा.