जुन्या स्कूटरचे सुटे भाग कुठून आणि कसे जमवावेत?

पार्ट शोधण्याआधी इंजिन नंबर आणि चॅसी नंबर लिहून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक कार्ब्युरेटर, गिअर, अगदी केबलची लांबीही बदललेली असते. नुसतं 'जुनी व्हेस्पा' सांगून मागवलेला भाग हमखास चुकतो.

ऑइल सील, रबर, केबल, ब्रेक शू, बेअरिंग नवेच घ्या. बेअरिंगवर कोरलेला आकाराचा नंबर दाखवला की ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. पिस्टन घासला असेल तर सिलिंडर बोअर करून (आतून थोडा मोठा करून) ओव्हरसाइझ, म्हणजे किंचित मोठा, पिस्टन बसवता येतो, पण पिस्टन आधी हातात घ्या, बोअर नंतर.

क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात बसतो ते इंजिनाचं कवच, मात्र अतिशय जपून निवडा. व्हेस्पात तिचे दोन्ही अर्धे जोडीनेच मशीन केलेले असतात, त्यामुळे वेगवेगळ्या गाड्यांचे अर्धे एकत्र करू नका. रोटरी व्हॉल्व्हच्या व्हेस्पात फिरता क्रँकच जिथे इनटेक (इंधन-हवा आत येण्याची वाट) उघड-बंद करतो, त्या जागेवर खोल ओरखडे असतील तर ती केस सोडून द्या.

लँब्रेटासाठी दिलासा आहे: ती बनवणाऱ्या इनोसेंटी या इटालियन कंपनीची यंत्रसामग्री १९७२मध्ये लखनौच्या स्कूटर्स इंडियाने घेतली, म्हणून तिथल्या जीपी मॉडेलचे बरेच भाग इटालियन गाडीला जुळतात.

पत्र्याचे भाग शक्यतो जुने, मूळचेच शोधा. नव्या नकलांची भोकं बऱ्याचदा जुळत नाहीत. रंगाआधी सगळी गाडी एकदा कोरडी जोडून पाहा, आणि नवा भाग नीट बसेपर्यंत जुना अजिबात फेकू नका.