पहिल्या रॅपआधी एवढंच कर

मित्रा, पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन २०२३ मध्ये 'बिग बॉस १६' जिंकला तेव्हा घराघरात पोहोचला. त्याच्या वस्तीतल्या, ताडीवाला रोडच्या पोरांना त्याची गाणी त्या विजयाच्या कितीतरी आधी पाठ होती. तेव्हा व्ह्यूज मोजणं सोड, आधी आपली गल्ली पटव.

सध्या दोनच गोष्टी सांभाळ:

– मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ९० ठोक्यांवर लावून १६ ओळी न अडखळता म्हण. श्वास घ्यायचा तिथे वहीत रेघ मार. बहुतेक पोरं इथेच धापा टाकतात आणि खापर माइकवर फोडतात.
– 'फ्री' लिहिलेला बीट (रॅपमागचं तयार संगीत) बहुतेकदा फुकट नसतो. स्पॉटिफायवर टाकण्याआधी लायसन्स वाच.

बंदुका आणि महागड्या गाड्या नकोत (तुझ्याकडे ॲक्टिव्हा आहे ना?). पीएमटी बसची गर्दी, घरमालकाची कटकट लिही. ऑटोट्यून, मिक्सिंग नंतर बघू. १६ ओळींचा व्हर्स झाला की फोनवरच रेकॉर्ड करून पाठव.