शब्दचर्चा: ‘बिग बोअर’ रिव्हॉल्व्हर आणि सहाबारीचा प्रश्न

एका अनुवादकाने विचारलं आहे: अमेरिकी रिव्हॉल्व्हरांवरच्या लेखात ‘बिग बोअर’ सारखं येतं. त्याला ‘मोठ्या छिद्राचं सहाबारी पिस्तूल’ म्हणावं का? आणि ‘.४४’, ‘.४५४’ हे आकडे मिलिमीटरमध्ये करून द्यावेत का?

‘मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर’ म्हणा. आकडे आहेत तसेच ठेवा. ‘सहाबारी’ मात्र जपून वापरा, कारण या जातीतली काही फार नावाजलेली रिव्हॉल्व्हरं सहाबारी नाहीतच.

बोअर म्हणजे नळीची आतली पोकळी. शब्द इंग्रजीतला असला तरी मराठीत तो केव्हाच रुळला आहे. शेतात बोअर मारतात, वर्कशॉपात सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकतात, आणि ‘बारा बोअरची बंदूक’ गावोगाव माहीत आहे. ‘मोठ्या बोअरचं’ ही रचना थेट तिच्याच वळणावर जाते. ‘छिद्र’ म्हटलं की गळकी बादली डोळ्यांपुढे येते. तो शब्द इथे नको. शौकीन मंडळी साधारण .४० इंचाच्या पुढे ‘मोठं बोअर’ मानतात. ‘मॅग्नम’ (जास्त जोराचं काडतूस) हा त्याचा पर्याय नव्हे. १९३५ सालचं .३५७ मॅग्नम जोरदार आहे, पण मोठ्या बोअरच्या पंगतीत ते बसत नाही.

खरी गडबड आकड्याला ‘बोअर’ जोडल्यावर होते. बारा बोअर म्हणजे त्या नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोल गोळ्यांचं वजन एक पौंड. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते: १२ बोअर .७२९ इंच, २० बोअर .६१५ इंच. रिव्हॉल्व्हरचा आकडा उलट इंचाच्या शतांश-सहस्रांशात असतो, तिथे आकडा वाढला की नळी मोठी. आपल्या बातम्यांमध्ये सर्रास ‘३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर’ छापतात. गोळ्यांच्या हिशेबाने ३२ बोअरचा व्यास .५२६ इंच भरतो, म्हणजे .३२ चं छोटं रिव्हॉल्व्हर कागदावर स्मिथ अँड वेसनच्या .५०० मॅग्नमहूनही मोठं होऊन बसतं! तेव्हा नियम सोपा ठेवावा: छर्‍याच्या बंदुकीला आकडा आणि ‘बोअर’, रिव्हॉल्व्हरला दशांशचिन्हासह आकडा आणि काडतुसाचं नाव. परवान्यावरच्या ‘पीबी’ (प्रोहिबिटेड बोअर) आणि ‘एनपीबी’ (नॉन-प्रोहिबिटेड बोअर) मधला बोअर हा कायद्यातला वर्ग आहे, त्याला हात लावू नये.

आता मिलिमीटर. ‘.४४’ ला २५.४ ने गुणलं तर ११.१८ मिमी येतात, पण .४४ मॅग्नमची गोळी मोजली तर ती .४२९ इंच, म्हणजे १०.९ मिमी निघते. कारण जुनं आहे. १८७० च्या सुमाराच्या .४४ अमेरिकन काडतुसात गोळीचा उघडा भाग जवळजवळ पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) बाहेरच्या व्यासाइतका असे आणि फक्त मागची बारीक टाच पुंगळीत बसे. गोळीला लावलेलं ग्रीस बाहेर राही, त्याला धूळ चिकटे. रशियन सरकारच्या मागणीवरून बनलेल्या .४४ रशियनमध्ये गोळी ग्रीससकट पुंगळीत गेली आणि व्यास .४२९ ठरला. नाव मात्र तेच राहिलं. तेच पुढे .४४ स्पेशल (१९०७) आणि .४४ मॅग्नम (१९५५) यांच्याकडे आलं. म्हणजे ‘.४४’ हे आता नाव आहे, माप नाही. नावाचं कोणी मिलिमीटर करत नाही.

‘.४५४’ चं ‘.४५’ करणं तर त्याहून वाईट. .४५ कोल्ट आणि .४५४ कसूल या दोन्हींत आज .४५२ चीच गोळी चालते. फरक पुंगळीत आणि दाबात आहे. कोल्टची पुंगळी १.२८५ इंच लांब, कसूलची १.३८३. कोल्टच्या दाबाची अमेरिकी मानक मर्यादा दर चौरस इंचाला १४,००० पौंड आहे, कसूलची ६५,०००. कोल्टचं काडतूस कसूलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं आणि चालतं. लांब पुंगळीमुळे उलटं होत नाही, आणि होऊही नये. ‘पाचशे’ही दोन आहेत: .५०० लाइनबॉची गोळी .५१० इंच, .५०० स्मिथ अँड वेसनची नेमकी .५००. म्हणून आकड्याबरोबर आडनाव लिहायलाच हवं.

‘सहाबारी’ हा आपला जुना, सुंदर शब्द. एकदा भरलं की सहा बार निघतात, म्हणून सहाबारी. १८७३ च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीला तो शोभतो, तरी जाणकार तिच्यातही पाचच काडतुसं भरतात आणि घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) सिलिंडरमधल्या, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्यातल्या, रिकाम्या घरावर टेकवतात, कारण पडल्यास भरल्या घरावरचा घोडा बार काढू शकतो. पण फ्रीडम आर्म्सचं मॉडेल ८३ आणि अमेरिकी बंदूक-कारागीर जॉन लाइनबॉ यांनी घडवलेली .४७५ व .५०० ची रिव्हॉल्व्हरं मुळातच पाचबारी आहेत. सिलिंडरला प्रत्येक घरासाठी बाहेरून एक खाच असते, तिच्यात खालचा खटका अडकून घर नळीसमोर थांबतं. सहा घरांत वरच्या घराच्या बरोबर खाली दुसरं घर येतं, त्यामुळे खाच घराच्या पातळ भिंतीवरच पडते. पाच घरांत खाली येते ती दोन घरांमधली जाड जागा. खाच तिथे गेली की घराची भिंत अखंड राहते, शिवाय शेजारच्या घरांमध्ये पोलाद जास्त उरतं. एवढा मोठा दाब पेलण्यासाठीच सहावा बार सोडून दिला आहे. अनुवादात ‘सहाबारी’ लिहिलं तर या रचनेचा प्राणच जातो. ‘पाचबारी’ बिनधास्त लिहा, पहिल्या वाचनातच कळतो.

‘कस्टम’ ला ‘घडवून घेतलेलं’ पुरेसं आहे. नुसतं नक्षीकाम आणि हस्तिदंती मूठ म्हणजे कस्टम नव्हे. रूगर कंपनीच्या ‘बिसली’ रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यात नवं पाचघरी सिलिंडर बसवणं, हे लाइनबॉ परंपरेतलं खरं काम. त्यात ‘लाइन बोअरिंग’ हा शब्द येईल, तो भाषांतर न करता ठेवा. इंजिन रिकंडिशनिंगवाले क्रँकच्या बेअरिंगांसाठी तोच वापरतात. इथे कोरं सिलिंडर सांगाड्यात बसवून, खटक्याने अडकवून, नळीच्या रेषेतूनच एकेक घर पाडतात. घर नळीशी तिरकं राहिलं तर गोळी नळीच्या मागच्या तोंडाशी घासते, शिसं तासलं जाऊन बाजूने उडतं आणि नेम विस्कटतो.

राहता राहिलं चाप आणि घोडा. जुन्या लेखनात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सापडतात, ‘घोडा दाबला’ असंही वाचायला मिळतं. सिंगल अ‍ॅक्शनबद्दल लिहिताना ही मोकळीक घेता येत नाही. तिथे आधी अंगठ्याने घोडा मागे चढवायचा, त्याच हालचालीत सिलिंडर एक घर फिरतं, आणि मग बोटाने चाप ओढायचा. चाप घोडा फक्त सोडतो. डबल अ‍ॅक्शनमध्ये एकटा चाप दोन्ही कामं करतो. मागे असतो तो घोडा, बोटाखाली असतो तो चाप, एवढं सबंध लेखभर पाळलं तरी वाचक कुठे अडणार नाही.