ड्रेस्डेनहून मुलगा म्हणतोय, "परत येऊ का?"

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा ऑक्टोबरपासून जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतोय, हल्ली फोनवर नुसतं हो-नाही करतो, परवा म्हणाला परत येऊ का, आणि डोक्यावर एज्युकेशन लोन असल्यामुळे तुमची झोप उडालीय.

हा निर्णय आत्ता डिसेंबरात घेऊच नका. तिकडे चारलाच अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, आणि पहिले दोन महिने पत्त्याची नोंदणी, बँक, इन्शुरन्स या धावपळीत काही जाणवत नाही, ते संपलं की मग एकटेपणा अंगावर येतो. खूप मुलांचं असं होतं, तुमचा मुलगा कच्चा नाहीये हो. त्यात परीक्षा फेब्रुवारीत, बऱ्याच विषयांत सगळे मार्क त्या एकाच पेपरवर, म्हणजे आपलं बरं चाललंय की नाही हे त्याला तोवर कळतच नाही.

तुम्ही रोज रात्री नऊला फोन करता ना, तेव्हा तिकडे साडेचार वाजलेले असतात, पोरगं थंडीतून नुकतंच रूमवर आलेलं असतं आणि तुम्ही विचारता जेवलास का, पार्टटाइम मिळालं का. पार्टटाइमचं पेपर होईपर्यंत विचारू नका प्लीज. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात, काटकसरीने भागतं. आणि लोनचं टेन्शन लपवू नका, त्याला ते कळतंच, त्यापेक्षा हप्ता कधी सुरू होणार, तोवर घरी काय सोय आहे हे एकदा आकड्यांत सांगून टाका, पोरांना मोघम बोलण्याचीच जास्त भीती वाटते.

त्याला म्हणावं, युनिव्हर्सिटीच्या बॅडमिंटन वगैरे कुठल्यातरी स्पोर्ट्स कोर्सला नाव घाल, दर आठवड्याला तीच माणसं भेटली की ओळखी होतात. स्टुडेंटेनवेर्क ड्रेस्डेन, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, तिच्याकडे विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन आहे, तिथेही अपॉइंटमेंट घे.

पण आठवडा-दोन आठवडे झोप-जेवण नाही, लेक्चर बंद, असं असेल तर डॉक्टरकडे जायलाच लावा, इन्शुरन्स त्यासाठीच आहे, आणि आजारपणाचं सर्टिफिकेट असलं तर सेमिस्टरची सुट्टी मागता येते, व्हिसाचं तेवढं आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं. जगावंसं वाटत नाही असं चुकूनही बोलला तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, तिथला इमर्जन्सी नंबर ११२, आणि तेव्हा लोनचा विषयच काढू नका.

पेपर झाले की मार्चमध्ये मला परत लिहा, तेव्हाही त्याला यायचंच असेल तर इथे पुढे काय करता येईल ते आपण तिघं मिळून बघू.